एएस ३६०० नुसार हाफ-जॉइंटचं डिझाइन: आधी कागदावरचा ट्रस, मग सॉफ्टवेअर

तुळईचा मधला भाग सरळ असतो. तिथे छेद वाकल्यावरही सपाट राहतो, हे गृहीतक चालतं आणि बेंडिंग, शिअरची नेहमीची सूत्रं लागू पडतात. आधाराजवळ, एकवटलेल्या भाराखाली, भोकाभोवती, किंवा तुळईची उंची अचानक अर्धी होते तिथे मात्र हे गृहीतक मोडतं. या जागांना डी-रीजन म्हणतात. हा गोंधळ साधारण सदस्याच्या उंचीएवढ्या अंतरापर्यंत पसरतो. ऑस्ट्रेलियन मानक एएस ३६००:२०१८ मध्ये यासाठी सातवं प्रकरण, म्हणजे स्ट्रट-अँड-टाय (बलं दाबाच्या स्ट्रट आणि ताणाच्या टाय यांच्या कल्पित ट्रसमधून नेणारी पद्धत), आणि बारावं प्रकरण (टोकांचे भाग आणि बेअरिंग) आहे. पुलांसाठी एएस ५१००.५ बघावं लागतं.

आता या भागांसाठी नॉन-लिनिअर सॉफ्टवेअर सहज मिळतं. आयडिया स्टॅटिका डिटेल हे त्यातलं रोजच्या कामात बरंच वापरलं जाणारं. त्यामागची कम्पॅटिबल स्ट्रेस फील्ड पद्धत झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या सहभागातून विकसित झाली. सॉफ्टवेअर उत्तम तपासतं, पण बलांचा मार्ग ठरवण्याचं काम ते करत नाही. तो मार्ग डिझायनरनं आधी कागदावर काढलेला असला, तरच पडद्यावरचे रंग वाचता येतात. म्हणून इथला क्रम तसाच ठेवला आहे. उदाहरण कार पार्कमधल्या प्रीकास्ट तुळईच्या हाफ-जॉइंटचं, म्हणजे टोक खालून अर्धं कापून आधारावर टेकवलेल्या सांध्याचं आहे, कारण डी-रीजनमधल्या बहुतेक सगळ्या अडचणी त्यात एकत्र भेटतात.

सुरुवातीचे आकडे

तुळई ४०० मिमी रुंद, १००० मिमी उंच. टोकाला खालून खाच, त्यामुळे निब, म्हणजे वर उरलेला पुढचा भाग, ५०० मिमी उंच आणि २६० मिमी लांब. बेअरिंग प्लेट १५० बाय ३०० मिमी, तिचा मध्य निबच्या टोकापासून १२० मिमी. काँक्रीट ४० एमपीए, सळ्या डी५००एन (५०० एमपीएच्या), कव्हर ४० मिमी. आधारावरची प्रतिक्रिया कायम भाराची १८० किलोन्यूटन, चल भाराची १२०.

पुण्या-मुंबईत बसून ऑस्ट्रेलियन प्रकल्पांचं काम करणाऱ्यांनी इथे थांबून तीन गोष्टी तपासाव्यात. आयएस ४५६ मधलं एम४० हे क्यूबचं बळ आहे. एएस ३६०० मधलं ४० एमपीए हे सिलिंडरचं. एम४० म्हणजे ढोबळमानाने तिथलं ३२. दुसरं, आपल्याकडे १.५ आणि १.१५ हे भाजक काँक्रीट आणि पोलादाच्या बळाला लागतात. एएस मध्ये शेवटच्या क्षमतेला फाय हा गुणक लागतो. दोन्ही एकत्र लावले तर डिझाइन विनाकारण जड होतं, आणि दोन्ही विसरले तर धोकादायक. तिसरं, सळ्यांचे व्यास: तिथे एन१२, एन१६, एन२०, एन२४, एन२८, एन३२, एन३६ मिळतात. २५ मिमीची सळई ड्रॉइंगवर लिहिली, तर तिथला कारखाना ती परत पाठवतो.

भारांची जोडणी एएस/एनझेडएस ११७०.० प्रमाणे: १.२ गुणिले १८० अधिक १.५ गुणिले १२०, म्हणजे ३९६. ४०० किलोन्यूटन धरू. १.३५ गुणिले कायम भार ही जोडणी इथे मागे पडते, पण सॉफ्टवेअरमध्ये ती घालावीच. सर्व्हिसेबिलिटीसाठी (रोजच्या वापरातल्या भेगांच्या तपासणीसाठी) पार्किंगचा अल्पकालीन गुणक ०.७, म्हणून १८० अधिक ८४, म्हणजे २६४ किलोन्यूटन. आकुंचन, तापमान आणि बेअरिंगच्या घर्षणामुळे येणारं आडवं बल प्रतिक्रियेच्या २० टक्के घेऊ: ८० किलोन्यूटन. हे बल ड्रॉइंगवर दिसत नाही म्हणून गाळलं जातं, आणि निबच्या मुळाशी पहिली भेग बहुतेक त्याच्याचमुळे पडते.

पायरी १: ट्रस काढा

बेअरिंगवरून एक स्ट्रट तिरका वर जातो आणि हँगर रिंगांच्या, म्हणजे खाचेमागच्या उभ्या रिंगांच्या, वरच्या टोकाला भेटतो. हँगर त्याचा उभा भाग खाली तुळईच्या तळाला नेतो. निबच्या तळाशी आडवा टाय आहे. हँगर रिंगांचा मध्य खाचेच्या उभ्या पृष्ठापासून ११० मिमी आत धरला, तर बेअरिंग ते हँगर हे आडवं अंतर १४० अधिक ११०, म्हणजे २५० मिमी. टायचा मध्य निबच्या तळापासून ६० मिमी वर आणि वरचा नोड (स्ट्रट आणि टाय मिळतात तो बिंदू) माथ्यापासून ६० मिमी खाली घेतला, तर मधली उंची ३८० मिमी. स्ट्रटचा कोन ५६.७ अंश. मानक सांगतं की आरसीसीमध्ये स्ट्रट आणि टाय यांच्यातला कोन ३० अंशांपेक्षा कमी नसावा. इथे भरपूर जागा आहे.

वरच्या नोडभोवती मोमेंट घ्या: ४०० गुणिले ०.२५ अधिक ८० गुणिले ०.४४, भागिले ०.३८. निबचा टाय ३५६ किलोन्यूटन. आडवं बल टायच्या पातळीवर लागतं असं सोयीसाठी धरलं जातं, पण ते खरं लागतं ६० मिमी खाली, बेअरिंगवर. त्या ६० मिमीमुळे टायमध्ये सुमारे १३ किलोन्यूटन वाढतात. वरच्या कॉर्डमध्ये ३५६ उणे ८०, म्हणजे २७६ किलोन्यूटन दाब. त्यावरून स्ट्रटमधलं बल ४८६ किलोन्यूटन.

हँगरमध्ये पूर्ण ४०० किलोन्यूटन येतात. इथवर बहुतेक जण पोचतात. चूक होते ती पुढे. निबचा टाय तुळईच्या पोटात जाऊन संपतो, मग त्याचं बल कुणी घ्यायचं? हँगरच्या तळापासून ४५ अंशांत वर येणारा स्ट्रट त्याला भेटतो. त्या नोडचा उभा समतोल साधायला आणखी एक उभा टाय लागतो, त्यातही ३५६ किलोन्यूटन. हा दुसरा उभा टाय हँगरपासून ५०० मिमी आत येतो. त्याच्या रिंगा नेहमीच्या शिअर रिंगांमध्ये धरल्या जातील असं समजून सोडून दिलं, की भेग हँगरच्या मागे, तुळईच्या पोटात निघते. हँगरच्या तळाशी आडवा टायही लागतो, सुमारे ४०० किलोन्यूटनचा.

पायरी २: हाताने तपासा

सातव्या प्रकरणासाठी फायची मूल्यं दोन: काँक्रीटच्या दाबाला ०.६५, पोलादाच्या ताणाला ०.८५. २००९ च्या आवृत्तीत ती ०.६ आणि ०.८ होती, तेव्हा जुनी स्प्रेडशीट वापरत असाल तर आधी तो कप्पा उघडून बघा.

बेअरिंगचा नोड दोन दाब आणि एक ताण अशा प्रकारचा, त्याचा गुणक ०.८. मर्यादा ०.६५ गुणिले ०.८ गुणिले ०.९ गुणिले ४०, म्हणजे १८.७ एमपीए. प्लेटखाली प्रत्यक्ष ताण ८.९. तीन दाबांच्या नोडला हा गुणक १.०, आणि दोन किंवा जास्त टाय मिळतात तिथे ०.६.

स्ट्रट बाटलीच्या आकाराचा धरायचा. कार्यक्षमता गुणक बीटा-एस = १ ÷ (१ + ०.६६ कॉट²थीटा), ०.३ ते १.० च्या मर्यादेत. इथे ०.७८ येतो. नोडपाशी स्ट्रटची रुंदी १५० साइन थीटा अधिक १२० कॉस थीटा, म्हणजे १९१ मिमी. प्लेटची ३०० मिमी जाडी धरून क्षमता सुमारे १०४० किलोन्यूटन निघते, मागणी ४८६. काँक्रीट सुरक्षित आहे. हाफ-जॉइंटचं भवितव्य बहुतेक वेळा सळ्या आणि त्यांचं अँकरेजच ठरवतात.

स्ट्रट मध्ये फुगतो, म्हणून आडवं फाटण्याचं बल येतं. मानक ताकदीसाठी स्ट्रटच्या बलाचा १/५ आणि सर्व्हिसेबिलिटीसाठी १/२ घ्यायला सांगतं. ताकदीसाठी ९७ किलोन्यूटन. सर्व्हिसेबिलिटीत स्ट्रटचं बल ३२१, म्हणून १६० किलोन्यूटन. भेग पाडणारं बल ०.७ गुणिले जाडी गुणिले फुगवट्याची लांबी गुणिले ताणातलं बळ. फुगवट्याची लांबी ४५५ उणे १९१, म्हणजे २६४ मिमी. ताणातलं बळ ०.३६ गुणिले √४०, म्हणजे २.२८ एमपीए. उत्तर १६८ किलोन्यूटन, त्याचं अर्धं ८४. ९७ त्याहून जास्त, तेव्हा आडव्या सळ्या हव्यातच. आडवी सळई स्ट्रटला ५६.७ अंशांत छेदते, म्हणून ताकदीसाठी ९७ भागिले ०.८५ गुणिले ५०० गुणिले साइन ५६.७: २७३ चौमिमी. सर्व्हिसेबिलिटीत ताण २०० एमपीएवर ठेवला, तर १६० भागिले २०० गुणिले साइन ५६.७: ९५८ चौमिमी, तेच ठरवतं. एन१२ च्या आडव्या पाच यू-सळ्या, फुगवट्याच्या लांबीत सारख्या विखुरलेल्या. त्या एकाच जागी गोळा केल्या तर त्या जागेबाहेर स्ट्रट उघडाच राहतो.

आता सळ्यांची निवड. ताकदीसाठी निबच्या टायला ३५६ भागिले ४२५, म्हणजे ८३७ चौमिमी. एन२० च्या ३ सळ्या पुरतात. हँगरला ९४१, एन१६ च्या ३ बंद रिंगा पुरतात. डिझाइन संपलं असं वाटतं, पण सर्व्हिसेबिलिटीत ते उलटतं. २६४ च्या प्रतिक्रियेला निबचा टाय २३५ किलोन्यूटन घेतो. तीन एन२० मध्ये ताण २४९ एमपीए. भेगांवर सौम्य नियंत्रण पुरेसं असेल तर मर्यादा २५०, मध्यम हवं तर २००, कडक हवं तर १५०. पार्किंगमध्ये पाणी झिरपतं, शिवाय हा सांधा नंतर कुणाला आतून बघता येत नाही. इथे मध्यमपेक्षा खाली उतरू नये, असं आमचं ठाम मत आहे. म्हणून एन२० च्या ४ सळ्या. ताण १८७ वर येतो. हँगरच्या एन१६ मध्ये २१९ एमपीए येतात. तिथे एन२० च्या ३ रिंगा ६० मिमी अंतराने घ्या, ताण १४०. रिंगांची संख्या वाढवण्याऐवजी व्यास वाढवण्याचं कारण आहे: चौथी रिंग घातली तर हँगरचा मध्य आत सरकतो, २५० चे २८० होतात, आणि निबचा टाय पुन्हा मोजावा लागतो. तळाच्या आडव्या टायला एन२४ च्या २ यू-सळ्या, दुसऱ्या उभ्या टायला ६०० मिमी पट्ट्यात एन१२ च्या ६ रिंगा.

पायरी ३: अँकरेज

एन२० ची मूळ विकास लांबी (सळई पूर्ण बळाने पकडली जायला लागणारी लांबी) ०.५ गुणिले के१ गुणिले के३ गुणिले ५०० गुणिले २०, भागिले के२ गुणिले √४०. के१ हा सळईखालच्या काँक्रीटचा, के२ व्यासाचा, के३ कव्हर आणि अंतराचा गुणक. शिवाय ०.०५८ गुणिले ५०० गुणिले के१ गुणिले व्यास ही किमान लांबी. निबमध्ये सळईखाली ६० मिमीच काँक्रीट आहे, के१ = १.०, लांबी ५८० मिमी. तीच सळई तुळईच्या पोटात शिरली, की तिच्याखाली ५६० मिमी काँक्रीट ओतलेलं असतं. ३०० मिमीपेक्षा जास्त असेल तर के१ = १.३, आणि लांबी ७५५ मिमी होते. एकाच सळईच्या दोन टोकांना दोन वेगळ्या लांब्या, हे सहज नजरेतून सुटतं. आतल्या नोडच्या पलीकडे निदान निम्मी विकास लांबी जायला हवी, अशी मानकाची अट आहे. इथे जागा असल्यामुळे पूर्ण द्या: ११० अधिक ५०० अधिक ७५५. खाचेच्या पृष्ठापासून १४०० मिमी आत.

निबच्या टोकाला खरी अडचण आहे. प्लेटच्या आतल्या कडेपासून कव्हरपर्यंत फक्त १५५ मिमी मिळतात. हूक दिला तर निम्मी लांबी, २९० मिमी लागते. सळई ६७ टक्केच भरली आहे हे धरलं तरी १९३. हूक बसत नाही. उपाय दोनच: टोकाला हेड असलेल्या सळ्या, किंवा बेअरिंग प्लेटच्या आडव्या पट्टीला वेल्डिंग. वेल्डिंग असेल तर ड्रॉइंगवर एएस/एनझेडएस १५५४.३ चा उल्लेख हवा. साइटवर मनाने टाकलेला टाका चालत नाही.

हँगरच्या बाबतीत कॅनडातली एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. ३० सप्टेंबर २००६ रोजी क्वेबेकमधल्या लाव्हाल इथे दे ला काँकॉर्ड हा उड्डाणपूल हाफ-जॉइंटपाशी कोसळला आणि ५ माणसं गेली. चौकशी आयोगाला जी कारणं सापडली, त्यांत हँगर सळ्या चुकीच्या जागी बसवलेल्या होत्या आणि जाड स्लॅबमध्ये शिअर सळ्याच नव्हत्या, ही दोन होती. हँगर रिंगेनं माथ्याच्या सळ्यांना बाहेरून कवेत घेतलंच पाहिजे. तिचा हूक वरच्या नोडच्या खाली संपला, तर स्ट्रटला टेकायला काही उरत नाही.

पायरी ४: सॉफ्टवेअरमधला नमुना

प्रकल्प उघडतानाच ऑस्ट्रेलियन मानक निवडा. नंतर बदललं तर साहित्याची यादी बदलते आणि आधी घातलेल्या सळ्यांचे गुणधर्म पुन्हा तपासावे लागतात. पोलादाची डक्टिलिटी वर्ग एन ठेवा, एकसमान ताणवाढ किमान ५ टक्के. मेश वापरत असाल तर ती वर्ग एल असते, १.५ टक्के. बलांचं पुनर्वाटप गृहीत धरणाऱ्या या पद्धतीत मुख्य टायसाठी वर्ग एल वापरू नका.

तुळईचा तुकडा किती लांब घ्यायचा? निब, त्यापुढे निदान दोन उंचीएवढं अंतर. इथे २३०० मिमी. एका उंचीवर कापलं, तर कापलेल्या कडेची बलं डी-रीजनमध्येच घुसतात. कडेवर मोमेंट, शिअर आणि आडवं बल तिन्ही घाला आणि आधाराची प्रतिक्रिया पुन्हा ४०० येते का ते बघा. ती ३९० आली तरी कारण शोधा. बहुधा स्ववजन दोनदा किंवा शून्य वेळा घातलेलं असतं.

आधार बिंदूवर देऊ नका. प्लेट काढा, तिची जाडी खरी द्या, आणि आडवं बल प्लेटच्या पातळीवर लावा. बिंदूवर आधार दिला तर त्याच्याभोवतीच्या एका घटकात ताण अमर्याद चढतो आणि सॉफ्टवेअर जे लाल दाखवतं त्याला काही अर्थ नसतो.

सळ्या घालण्याआधी टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन एकदा चालवा. वेगवेगळ्या आकारमानाच्या टक्क्यांवर ते बलांचे पट्टे दाखवतं. कागदावरच्या ट्रसशी ते जुळतात का, एवढंच बघायचं. ते लवचीक सामग्री धरून चालतं, त्यामुळे खाचेच्या कोपऱ्यात ते एक तिरका टाय हमखास सुचवेल. तो बांधणीला सोयीचा नसेल तर उभा हँगर आणि आडवा टाय ठेवायला हरकत नाही. पण मग भेगेची रुंदी कोपऱ्यातच मोजा.

प्रत्येक सळईला टोकाचा प्रकार नेमून द्यावा लागतो: सरळ, वाकवलेली, हूक, लूप, वेल्ड केलेली आडवी सळई, पर्फेक्ट बाँड. इथे सर्वांत जास्त फसगत होते. निबच्या टायला पर्फेक्ट बाँड दिला की सगळं हिरवं दिसतं, कारण सळई पहिल्या मिलिमीटरपासून पूर्ण भरते. वेल्ड किंवा हेड खरोखर ड्रॉइंगवर आहे का, हे बघितल्याशिवाय तो पर्याय निवडू नका. तळाच्या एन२४ यू-सळ्यांना लूप द्या.

पायरी ५: निकाल वाचा

सॉफ्टवेअर भार टप्प्याटप्प्याने वाढवतं, आधी कायम, मग चल. १०० टक्क्यांपर्यंत पोचलं नाही तर कुठल्या टप्प्यावर थांबलं आणि तेव्हा काय भरलं होतं, ते आधी पाहा. सळ्या वाहू लागून थांबलं असेल तर क्षेत्रफळ कमी आहे. सळ्या अर्ध्याच भरल्या असताना थांबलं, तर अँकरेज किंवा काँक्रीट.

काँक्रीटच्या दाबाचं बळ ही पद्धत आडव्या ताणवाढीनुसार आपोआप कमी करते. म्हणून रिंगा विरळ केल्या की स्ट्रटही कमजोर होतो. हाताच्या हिशेबात हे काम बीटा-एस करतो. काँक्रीटचं ताणातलं बळ ती ताकदीच्या हिशेबात धरत नाही. भेगांमधल्या काँक्रीटचा ताठपणा मात्र धरते. त्यामुळे किमान आडव्या सळ्याही नसलेल्या भागासाठी ती लागू नाही. अशा भागात हिरवा निकाल आला तरी तो मोजू नका.

मग सळ्यांमधली बलं कागदाशी ताडा. निबच्या टायमध्ये ३५६ च्या आसपास, हँगरमध्ये ४०० च्या आसपास हवं. हँगर कमी आणि निबच्या आडव्या यू-सळ्या जास्त घेत असतील तर ते स्वाभाविक आहे. बल सगळ्या सळ्यांत वाटलं जातं. पण निबचा टाय २०० च दाखवत असेल, तर आडवं बल गायब झालं आहे किंवा आधार आडवा अडवला गेला आहे. दोन्ही आधार आडवे अडवले, की तुळई कमानीसारखी वागते आणि टायचं काम आधार करतात. ही चूक निकाल देखणे करते, म्हणूनच घातक.

जाळी बारीक करून पुन्हा चालवा. टायचं बल फारसं हलू नये. हललं तर प्लेट किंवा कोपऱ्याची मांडणी तपासा. बेअरिंग २५ मिमी बाहेर सरकवून एक धाव घ्या. हातानं मोजलं तर निबचा टाय ३५६ वरून ३८२ वर जातो. प्रीकास्ट तुळई बसवताना एवढं सरकणं सहज होतं.

जे प्रतल-नमुन्याला दिसत नाही

हा सगळा हिशेब एका प्रतलातला आहे. प्लेट ३०० रुंद, तुळई ४००. दाब जाडीच्या दिशेनेही पसरतो आणि तिथेही फाटण्याचं बल येतं. सॉफ्टवेअरच्या प्रतल-नमुन्यात ते अस्तित्वातच नसतं. सिडनी ऑलिम्पिक पार्कमधल्या ओपल टॉवरला २४ डिसेंबर २०१८ रोजी मोठ्या भेगा पडल्या आणि रहिवाशांना बाहेर काढावं लागलं. तज्ज्ञांच्या चौकशी अहवालात म्हटलं होतं की प्रीकास्ट भिंतींखालच्या हॉब तुळया काही ठिकाणी मानकानुसार कमी पडत होत्या, आणि शिअर-दाब व फाटण्याला बळी पडण्याजोग्या होत्या. भिंत आणि तुळई यांच्यातला ग्राउट पूर्ण रुंदीवर भरलेला नव्हता, त्यामुळे ताण आणखी एकवटला. पूर्ण टेकलेलं बेअरिंग नमुन्यात धरलं असेल, तर ते साइटवर पूर्ण टेकेल याची तरतूद ड्रॉइंगवरच असावी लागते. जाडीच्या दिशेचं फाटणं वेगळं, हाताने मोजा आणि निबच्या आडव्या यू-सळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पायांनी भागवा.

ड्रॉइंगवर काय लिहायचं

निबच्या सळ्यांचं टोक मोठ्या प्रमाणात, १:१० वर काढा. वेल्ड किंवा हेडचा प्रकार लिहा. हँगर रिंगांची जागा खाचेच्या पृष्ठापासून मोजून लिहा, ५०, ११०, १७० मिमी, आणि अधिक-उणे किती चालेल तेही. रिंग आत सरकली की २५० चं अंतर वाढतं. खाचेच्या कोपऱ्याला छोटा तिरका चॅम्फर द्या. कव्हर मोजताना तो चॅम्फर धरूनच ४० मिमी भरले पाहिजेत. बार बेंडरला आधी काय बांधायचं हेही लिहा: हँगर, मग निबचा टाय, शेवटी यू-सळ्या. उलट क्रमाने बांधलं तर एन२० च्या ४ सळ्या हँगरच्या रिंगांमधून आत सरकवता येत नाहीत, आणि साइटवर कुणीतरी त्यांची टोकं कापतं.